दुसरं महायुद्ध शिकवताना आफ्रिका कुठे बसवायची?

नववीच्या वर्गाला दुसरं महायुद्ध शिकवणाऱ्या एका सरांचा प्रश्न आहे. वर्गातल्या एका मुलीने त्यांना विचारलं, "सर, नकाशात आफ्रिका एवढी मोठी आहे, तिथे फक्त वाळवंटातच लढाई झाली का?" सरांजवळच्या साहित्यात जर्मन सेनापती रोमेल, ब्रिटिश सेनापती माँटगोमेरी आणि इजिप्तमधली अल अलामीनची लढाई यांच्यापलीकडे फारसं काही नाही. हाताशी दोन तासिका आहेत. या दोन तासिकांत नेमकं काय शिकवावं आणि त्याचं मूल्यमापन कसं करावं, असं ते विचारतात.

मी बरीच वर्षं माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते आहे आणि हा विषय माझ्या जवळचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमची खरी अडचण माहितीची नाही, माहिती भरपूर मिळते. धडा संपल्यावर आपण आफ्रिकेला पुरवणीसारखं जोडतो, तिथे घोळ होतो. "आफ्रिकेनेही युद्धात मोठं योगदान दिलं" असं फळ्यावर लिहायचं, खाली दहा लाखांहून जास्त सैनिकांचा आकडा टाकायचा आणि पुढे जायचं. मुलं ते उतरवून घेतात आणि विसरतात, कारण त्यांच्या मनातली युद्धाची गोष्ट तशीच राहते: निर्णय लंडन, बर्लिन, मॉस्को आणि टोकियोत झाले, बाकीच्या जगाने माणसं पाठवली. म्हणून मी उलटीकडून जाते. ज्याचं उत्तर आफ्रिकेशिवाय निघतच नाही असा युद्धातला एखादा प्रश्न मुलांपुढे ठेवते आणि ते उत्तर त्यांनाच शोधू देते.

तुमच्याकडे हे किती जमेल ते अर्थातच तुमच्या वर्गावर अवलंबून आहे. साठ मुलांच्या वर्गात गटकाम वेगळं होतं, पंचवीस मुलांच्या वेगळं. शाळा पुण्याच्या आसपास असेल तर एक मोठी सोय आहे, तिच्याबद्दल खाली लिहिते. शाळेत प्रोजेक्टर नसला तरी अडत नाही, पण आफ्रिकेचा मोठा कोरा नकाशा हवाच. तो फळ्यावर खडूने काढला तरी चालेल.

पहिल्या तासिकेची सुरुवात मी अशी करते. साल १९४०. जूनमध्ये इटलीने ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारलंय, फ्रान्स पडलाय, भूमध्य समुद्रातून जहाजं नेणं जिवावरचं काम झालंय. इजिप्तमध्ये ब्रिटिशांना लढाऊ विमानं हवीत, ती कारखान्यांत तयार आहेत इंग्लंडमध्ये. आता सांगा, विमानं कैरोला कशी पोचवायची? छोट्या लढाऊ विमानांना एवढा लांबचा पल्ला एका दमात झेपत नाही, हेही सांगून टाकते. मग पाच मिनिटं गप्प बसते.

मुलं केप ऑफ गुड होपला वळसा घालतात, कुणी सहारातून रेषा ओढतं, कुणी विमान जहाजावर चढवतं. दोन-तीन मुलं बरोबर उत्तराच्या अगदी जवळ येतात. मग मी ताकोराडीवर ठिपका देते. हे तेव्हाच्या गोल्ड कोस्टचं, म्हणजे आजच्या घानाचं बंदर. विमानांचे भाग खोक्यांत भरून जहाजाने इथे येत. इथे ती जोडली जात आणि मग टप्प्याटप्प्याने उडत जात: लागोस, कानो, मैदुगुरी, पुढे चाड ओलांडून सुदानमध्ये खार्तूम आणि तिथून कैरो. जवळजवळ सहा हजार किलोमीटर. सप्टेंबर १९४० मध्ये पहिली विमानं या वाटेने निघाली आणि पुढच्या काळात हजारो विमानं गेली. धावपट्ट्या बांधायला, खोकी उतरवायला, इंधन पोचवायला स्थानिक माणसं राबली. रोमेलला ज्या विमानांनी हैराण केलं त्यांतली कितीतरी घाना-नायजेरियातून आली होती, हे कळलं की अल अलामीनची लढाई मुलांना वेगळी दिसायला लागते.

इथे थांबू नका. या वाटेवर एक कच्चा दुवा होता आणि मुलांना तो सापडला पाहिजे. चाड ही फ्रेंचांची वसाहत. फ्रान्सने शरणागती पत्करल्यावर बहुतेक फ्रेंच वसाहती जर्मनीशी जुळवून घेणाऱ्या व्हिशी सरकारकडे राहिल्या. चाडही तिकडे गेला असता तर? मुलं नकाशावर बोट ठेवून लगेच सांगतात, वाट तुटली असती. तेव्हा चाडचा गव्हर्नर होता फेलिक्स एबुए. दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानात जन्मलेला, गुलामांच्या वंशातला कृष्णवर्णीय अधिकारी. २६ ऑगस्ट १९४० ला त्याने चाड द गॉलच्या, म्हणजे शरणागती न मानता लंडनहून लढा चालू ठेवणाऱ्या फ्रेंच सेनानीच्या, बाजूने असल्याचं जाहीर केलं. पाठोपाठ आजूबाजूच्या वसाहतीही आल्या आणि काँगो नदीकाठचं ब्राझाव्हिल हे स्वतंत्र फ्रान्सच्या, म्हणजे द गॉलच्या बाजूच्या फ्रान्सच्या, राजधानीचं ठिकाण झालं. द गॉल लंडनहून रेडिओवर बोलला हे सगळे शिकवतात. त्याच्या पायाखाली जमीन आली ती आफ्रिकेत, हे मात्र राहून जातं. मला विचाराल तर सगळ्या धड्यातून एकच नाव जास्तीचं शिकवायचं असेल तर एबुएचं शिकवा. निर्णय घेणारा माणूस आफ्रिकेत बसलेला होता, हे त्या एका नावाने मुलांच्या डोक्यात पक्कं होतं.

वेळ उरला तर मी दोन जोड-प्रश्न टाकते. १९४२ मध्ये जपानने मलाया घेतला, तिथलं रबर आणि कथील दोस्तराष्ट्रांच्या हातून गेलं. मग ते आणलं कुठून? उत्तराचा मोठा भाग आफ्रिकेत आहे, आणि तो सुखाचा नाही. नायजेरियात जोसच्या पठारावर कथलाच्या खाणींत माणसं सक्तीने जुंपली गेली. काँगोत रबर गोळा करण्याची सक्ती पुन्हा वाढली. दुसरा प्रश्न अणुबाँबचा. त्यासाठी लागलेल्या युरेनियमचा मोठा हिस्सा बेल्जियन काँगोतल्या शिंकोलोब्वे या खाणीतला होता. खाणकंपनीचा प्रमुख एदगार सेंगिये याने १९४० मध्येच सुमारे बाराशे टन खनिज न्यूयॉर्कला हलवून ठेवलं होतं. हिरोशिमा मुलांना माहीत असतं. त्या बाँबमागची माती कुठल्या मजुरांनी उपसली, हा प्रश्न त्यांना कुणी विचारलेला नसतो. मी तो विचारते आणि उत्तरासाठी घाई करत नाही.

आता सनावळीबद्दल, कारण हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा बदल आहे आणि त्याला एक पैसा लागत नाही. महायुद्ध १ सप्टेंबर १९३९ ला सुरू झालं, असं आपण शिकवतो. परीक्षेत मुलांनी तेच लिहायचं, यात वाद नाही. पण वर्गात त्याच्या आधी आणखी एक तारीख लिहा: ३ ऑक्टोबर १९३५. त्या दिवशी मुसोलिनीच्या सैन्याने इथिओपियावर हल्ला केला. विषारी वायू वापरला, मे १९३६ मध्ये आदिस अबाबा घेतलं. सम्राट हाइले सेलासी जूनमध्ये जिनिव्हाला राष्ट्रसंघापुढे स्वतः उभा राहिला आणि त्याने मदत मागितली. राष्ट्रसंघाने ठोस काही केलं नाही. राष्ट्रसंघाचं अपयश हा मुद्दा पुस्तकात असतोच, तो इथे जिवंत होतो. आक्रमकाला अडवायचं नाही ही सवय जगाला लागली तेव्हा पहिली किंमत कुणी मोजली, हे मुलांना दिसतं.

इथिओपिया आपल्या मुलांना परका नाही, एवढं मात्र त्यांना आठवून द्यावं लागतं. मलिक अंबर तिथलाच. निजामशाहीचा हा वजीर मुलांनी आधीच्या इयत्तेत भेटलेला असतो. जंजिऱ्याचे सिद्दीही त्यांना माहीत असतात. "मलिक अंबरच्या देशावर हल्ला झाला" असं म्हटलं की वर्ग सावरून बसतो.

आणि हा इथिओपिया इटलीच्या हातून सोडवण्याच्या मोहिमेत आपली माणसं होती. १९४१ च्या सुरुवातीला इटलीला पूर्व आफ्रिकेतून हुसकावताना चौथी आणि पाचवी भारतीय डिव्हिजन आघाडीवर होत्या. एरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरांत मार्चअखेरपर्यंत फार कठीण लढाई झाली. तिथे मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन होती. "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय" ही रेजिमेंटची युद्धघोषणा याच मोहिमेत घेतली गेली, असं रेजिमेंटच्या परंपरेत सांगतात. खडकीच्या बाँबे सॅपर्सच्या, म्हणजे सैन्यातल्या अभियंत्यांच्या, एका फील्ड कंपनीबरोबर सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्र सिंह भगत होते. सुदानच्या सीमेवरचं मेतेम्मा पडल्यावर पळणाऱ्या शत्रूचा पाठलाग सुरू झाला, तेव्हा रस्त्यावरचे सुरुंग काढायचं काम त्यांच्याकडे आलं. चार दिवस, पहाटेपासून अंधार पडेपर्यंत, पंचावन्न मैल. पंधरा सुरुंगक्षेत्रं त्यांनी साफ केली. दोनदा त्यांची गाडी सुरुंगावर उडाली, स्फोटाने कानाचा पडदा फाटला, तरी काम दुसऱ्याच्या हाती द्यायला ते तयार झाले नाहीत. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, त्या युद्धातला भारतीय अधिकाऱ्याला मिळालेला पहिला.

ही गोष्ट सांगताना वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येते. म्हणूनच इथे जपायला हवं. शौर्याच्या गोष्टीला गोष्ट जोडत गेलं तर तासिका संपते, आफ्रिका पुन्हा मागे पडते आणि नुसती रणभूमी उरते. म्हणून भगतांची गोष्ट झाल्या झाल्या मी विचारते: ही जमीन कुणाची होती? ज्यांचा देश होता ते काय करत होते? इथिओपियाचे देशभक्त लढवय्ये, त्यांना अर्बेग्नोच म्हणत, पाच वर्षं डोंगरदऱ्यांतून इटालियनांशी लढत होते. ५ मे १९४१ ला सम्राट आदिस अबाबात परतला. राजधानी पडली त्याला त्या दिवशी बरोबर पाच वर्षं झाली होती. मग शेवटचा प्रश्न: पारतंत्र्यात असलेल्या देशाचे सैनिक दुसऱ्या देशाच्या स्वातंत्र्यासाठी लढले, त्यांना काय वाटलं असेल? यावर मुलं भांडतात. कुणी म्हणतं पोटासाठी गेले, कुणी म्हणतं अभिमानाची गोष्ट आहे, कुणी म्हणतं फसवणूक झाली. मी निकाल देत नाही. तिन्हींत तथ्य आहे आणि नववीतल्या मुलाला ते पेलतं.

दुसऱ्या तासिकेत मी दिशा पालटते. भारतीय आफ्रिकेत गेले तसे आफ्रिकन भारतात आले. हे बहुतेक शिक्षकांनाही ठाऊक नसतं. ८१ वी आणि ८२ वी पश्चिम आफ्रिकी डिव्हिजन, शिवाय ११ वी पूर्व आफ्रिकी डिव्हिजन ब्रह्मदेशच्या आघाडीवर जपान्यांशी लढल्या. नायजेरिया, घाना, सिएरा लिओन, गँबिया, केनिया, युगांडा, टांझानिया, मलावी असे आजचे कितीतरी देश त्यांत येतात. ८१ व्या डिव्हिजनने आराकानातल्या कलादान खोऱ्यात उतरण्यासाठी डोंगरांतून सुमारे सव्वाशे किलोमीटरचा जीपचा रस्ता स्वतः खोदला. पुढे रसद विमानातून पडायची आणि सामान डोक्यावरून जायचं. त्यांच्या बिल्ल्यावर कोळी होता, पश्चिम आफ्रिकेच्या लोककथांतला हुशार अनान्से. पूर्व आफ्रिकी डिव्हिजनने इंफाळनंतर माघार घेणाऱ्या जपान्यांचा ऐन पावसाळ्यात काबाव खोऱ्यातून पाठलाग केला. कोहिमा आणि इंफाळ आता पुष्कळ शिक्षक शिकवतात, हे चांगलं झालं. त्याच्या पुढचं पान आफ्रिकन सैनिकांचं आहे.

पुण्याजवळच्या शाळांची सोय म्हणाले ती हीच. खडकीच्या युद्ध दफनभूमीत एक स्मारक आहे, भारतात युद्धक्षेत्राबाहेर मरण पावलेल्या पूर्व आणि पश्चिम आफ्रिकेच्या सुमारे दोनशे सैनिकांच्या नावांचं. हे लढाईत पडलेले नव्हेत, आजाराने, अपघाताने, छावणीत गेलेले. मुलांना तिथे नेता आलं तर न्या. एकेका मुलाला एकेक नाव उतरवायला सांगा: नाव, हुद्दा, रेजिमेंट. भाषण करू नका, नावं वाचतानाच मुलं प्रश्न विचारू लागतात. (ही खडकी पुण्याची. मलिक अंबरने वसवलेली खडकी म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. मुलं इथे हमखास गोंधळतात, आधीच सांगून ठेवा.) लांबच्या शाळांनी राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर शोध घ्यावा. तिथे नावं, तारखा, रेजिमेंट फुकट पाहायला मिळतात. सातारा, कोकण किंवा सैनिकी परंपरेच्या दुसऱ्या कुठल्या भागात असाल तर गावात पहिल्या महायुद्धाची संगमरवरी पाटी आहे का ते पाहा. या गावातून इतकी माणसं लढाईवर गेली, इतकी परत आली नाहीत, असा मजकूर तिच्यावर असतो. त्या पाटीपासून सुरुवात करून "अशी गावं आफ्रिकेतही होती" इथे यायला पाच मिनिटं लागतात.

दुसरी तासिका १९४५ ला संपवू नका. विजयोत्सवाच्या चित्रावर धडा मिटला की सगळी मेहनत वाया जाते. मी तीन प्रसंग घेते आणि याच क्रमाने घेते.

पहिला थियारॉय, सेनेगलमध्ये डाकारजवळ. १ डिसेंबर १९४४. जर्मनांच्या कैदेतून सुटून परतलेल्या आफ्रिकन सैनिकांनी थकलेला पगार मागितला आणि फ्रेंच सैन्याने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. अधिकृत आकडा ३५ मृतांचा होता, अनेक इतिहासकार कितीतरी अधिक सांगतात. २०२४ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी हे हत्याकांड होतं असं मान्य केलं. आकड्यावरचा वाद लपवू नका. सरकारी कागद आणि साक्षी यांत फरक का पडतो, हे शिकवायला याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही, आणि जालियनवाला बागेच्या आकड्यांशी तुलना मुलं आपणहून करतात.

दुसरा अल्जीरियातलं सेतिफ, ८ मे १९४५. युरोपात विजयदिन साजरा होत होता, त्याच दिवशी तिथे स्वातंत्र्याची मागणी करणारी मिरवणूक निघाली. गोळीबार झाला, दंगल उसळली आणि पुढच्या काही आठवड्यांत फ्रेंचांनी हजारो अल्जीरियनांना मारलं. एवढंच सांगा, पुरे आहे.

तिसऱ्यावर मात्र वेळ द्या. आक्रा, २८ फेब्रुवारी १९४८. युद्धातून परतलेले माजी सैनिक, त्यांत ब्रह्मदेशात लढलेलेही, निवृत्तिवेतन आणि कबूल केलेल्या सवलती मिळाल्या नाहीत म्हणून अर्ज घेऊन गव्हर्नरच्या निवासस्थानाकडे निघाले. हातात शस्त्र नव्हतं. पोलिसांनी अडवलं आणि ब्रिटिश पोलीस अधिकाऱ्याने गोळ्या झाडल्या. तिघे माजी सैनिक मेले: सार्जंट अजेते, कॉर्पोरल अटिपो, प्रायव्हेट ओदार्ते लँप्टे. शहर पेटलं. तिथून घानाच्या स्वातंत्र्यलढ्याला वेग आला आणि १९५७ मध्ये घाना स्वतंत्र झाला. मी ही तीन नावं फळ्यावर लिहिते आणि तासिकेच्या शेवटपर्यंत पुसत नाही.

याच्या शेजारी एक कागद ठेवा: ब्रिटन आणि अमेरिकेने मिळून जाहीर केलेली अटलांटिक सनद, ऑगस्ट १९४१, तिसरं कलम. सगळ्या लोकांना आपलं सरकार निवडण्याचा हक्क, असा त्याचा आशय. ते मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या. मग सांगा की पुढच्याच महिन्यात चर्चिलने ब्रिटिश संसदेत स्पष्ट केलं, हे मुख्यतः नाझींच्या टाचेखालच्या युरोपीय राष्ट्रांबद्दल आहे. भारतीय मुलांना याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. केनियाचा वारुहिऊ इतोते हाही ब्रह्मदेशात लढला होता. तो पुढे केनियातल्या ब्रिटिशांविरुद्धच्या माऊ माऊ उठावातला 'जनरल चायना' झाला. युद्धकाळात भारतीयांशी झालेल्या बोलण्याबद्दल त्याने आठवणींत लिहिलं आहे. आपला लढा आणि त्यांचा लढा एकमेकांकडे बघत होते, हे मुलांना या एका माणसावरून कळतं.

सांभाळायच्या दोन गोष्टी. आफ्रिका हा एक देश असल्यासारखं बोलू नका. प्रत्येक वेळी जागेचं नाव घ्या, जुनं आणि नवं दोन्ही. आणि आफ्रिकन सैनिकांचे फोटो दाखवताना वर्गात कुणीतरी हसेल, रंगावरून काही बोलेल, याची तयारी ठेवा. आपल्याकडे हे घडतं, आपल्या शहरांत शिकणाऱ्या आफ्रिकन विद्यार्थ्यांना ते रोज सोसावं लागतं. ओरडून गप्प करू नका, पण सोडूनही देऊ नका. मी फोटोआधी नाव आणि गोष्ट सांगते, मग चेहरा दाखवते. या क्रमाने फरक पडतो.

मूल्यमापनाचंही विचारलं होतंत. टिपा लिहा, कारणे द्या यांत हे बसणार नाही, पण वर्गचाचणीत एक प्रश्न नक्की घालता येतो. कोरा नकाशा द्या, त्यावर ताकोराडी, चाड, शिंकोलोब्वे, केरेन आणि आक्रा हे पाच ठिपके नावांसह द्या. मुलांनी कोणतेही दोन निवडून, ते ठिकाण नसतं तर युद्धात किंवा युद्धानंतर काय वेगळं झालं असतं ते आठ-दहा ओळींत लिहायचं. गुण तारखांना देऊ नका, कारणाला द्या. वर्ग मोठा असेल तर जोडीने लिहू द्या, तपासणी निम्मी होते आणि उत्तरं बऱ्याचदा जास्त चांगली येतात.